चाळीस लिहिलं, सत्तर आलं

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर शेवट तरी माझ्या मनासारखा केला असता.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. गेल्या जानेवारीतली, बोझ-आशू घाटाच्या माथ्यावरच्या हिमचौकीतली. खोलीत दोनच माणसं होती. मी आणि माझे साहेब, सागिन बाइके.

दोनच होती, हे पुन्हा सांगते.

कारण पुढे पुढे माझीच खात्री डळमळायला लागली...

माझं नाव जिपार. मी बिश्केकला राहते. घाटातल्या बर्फावर नजर ठेवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तेव्हा कामाला होते. माथ्यावर बर्फ मोजणारा एक खांब आहे. बर्फ ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की चौकीचा भोंगा वाजतो. मग खालचा फाटकवाला रस्ता बंद करतो आणि हिमकडा कोसळला तरी रस्त्यावर कुणी नसतं.

तो आकडा चाळीस सेंटीमीटर.

माझा नवरा कुबात त्याच चौकीवर असायचा. तिथला जनरेटर एक नंबरचा लहरी. कधी बंद पडेल सांगता यायचं नाही. म्हणून कुबातने एक स्क्रिप्ट लिहिली होती. वीज गेली की बॅटरीच्या शेवटच्या धुगधुगीवर कॉम्प्युटर आपली सगळी व्हेरिएबल्स, म्हणजे कुठल्या नावाला काय किंमत दिली आहे ते सगळं, एका फाइलीत उतरवून ठेवायचा. पुन्हा चालू झाला की आधी ती फाइल वाचायचा आणि होता तसा व्हायचा.

"झोपून उठलेल्या माणसासारखं," कुबात म्हणायचा. "डोळे उघडले की आपण कोण, कुठे, हे आठवावं लागतं. ते त्याला मी आठवून देतो."

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत भोंगा वाजला नाही.

ओस्मोन नावाच्या माणसाचा बुलडोझर वळणावर अडकला होता. भोंगा गप्प आहे म्हणजे वेळ आहे, असं समजून कुबात त्याच्या मदतीला खाली उतरला. कडा दोघांवर आला.

चौकशीत निघालं की चाळीसचा आकडा आदल्या दिवशी सत्तर केलेला होता. कुबातच्या नावाने कॉम्प्युटरमध्ये शिरून.

भोंग्याने झोपमोड होते म्हणून त्यानेच वाढवला असणार, असं ठरलं.

स्वतः आकडा वाढवलेला माणूस भोंग्याच्या भरवशावर खाली कशाला उतरेल? हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. मी रडत होते आणि रडताना त्याचा राग राग करत होते. माझा नवरा झोपेसाठी ओस्मोनला मारून गेला, स्वतः मेला आणि मला तोंड लपवायला मागे ठेवून गेला, असं मला वाटत होतं.

दफनाआधी मुल्ला जमलेल्यांना विचारतो, "हा माणूस कसा होता?" सगळ्यांनी म्हणायचं असतं, चांगला होता. एवढं तर वैऱ्यालाही म्हणतात.

मी आत बायकांमध्ये होते. खिडकी उघडी होती.

मुल्लाने विचारलं...

आणि कुणी बोललंच नाही.

ओस्मोनचे भाऊ समोर उभे होते. त्यांच्यादेखत कोण बोलणार?

मग मागून एक जाडा आवाज आला. "चांगला माणूस होता."

सागिन बाइके. कुबातचे वरिष्ठ. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या घरची भांडी घासायला तयार होते. पुढे त्यांनीच मला कंपनीत घेतलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, त्यांनी मला स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. काही बिघडलं की आधी बघायचं, मग पुसायचं, हे त्यांचंच शिकवणं. मी त्यांना बाइके म्हणायचे, मोठ्या भावाला म्हणतात तसं. आणि ते मला तसंच वागवायचे.

तर, गेल्या जानेवारीत चौकीवरचा माणूस तापाने फणफणून खाली आला. त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत नवीन कॉम्प्युटर बसवून यायचं, असं ठरलं. जुना, कुबातच्या वेळचा, सागिन बाइकेंनी केव्हाच खाली आणून पुसून मोडीत काढला होता. त्यानंतरचाही आता कुरकुरत होता.

हा अगदी कोरा होता. खोक्याची पट्टी मी स्वतः फाडली.

हे लक्षात ठेवा.

आम्ही सकाळी पोचलो. मी स्टोव्हवर चहा टाकला. दूध, मीठ. बाइकेंनी एक घोट घेतला आणि भांडं लांब धरलं.

"हा चहा आहे की मेंढी धुतलेलं पाणी?"

"मेंढी तुम्ही आणलीत तर पुढच्या वेळी नीट धुऊन घालते."

"कुबातने तुला सहन कसं केलं देव जाणे."

आम्ही हसलो. त्यांच्या तोंडी कुबातचं नाव सहज यायचं. मला ते बरं वाटायचं.

बाहेर बर्फ पडायला लागला होता.

मी कुबातचीच स्क्रिप्ट चढवली. आकड्याच्या जागी चाळीस लिहिलं. फाइलीत उतरवलं. मग वीज गेल्यावर काय होतं ते बघायला जनरेटर बंद केला, थोडं थांबून पुन्हा चालू केला. कॉम्प्युटर उठला, त्याने फाइल वाचली.

मी आकडा विचारला.

सत्तर...

"काय ग, हात थरथरतात का?" बाइके मागून म्हणाले. "साधं चाळीस लिहिता येईना?"

"चाळीसच लिहिलं बाइके. तुम्ही बघत होतात."

त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"बघत होतो," मग म्हणाले. "पुन्हा लिही."

मी पुन्हा लिहिलं. या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. चाळीस. फाइल उघडून पाहिली. चाळीस. जनरेटर बंद केला.

खोली एकदम गप्प झाली.

आणि त्या शांततेत... बाहेरच्या पडवीत कुणीतरी बूट आपटले.

आत येण्याआधी बर्फ झटकायला आपटतात ना, तसे. धप, धप. थांबून पुन्हा एकदा, धप.

"फाटकावरचा कुणी आला असेल," बाइके म्हणाले.

मी दार उघडलं.

पडवी रिकामी. उंबऱ्यापासून उतारापर्यंतचा बर्फ कोरा. एक पाऊल उमटलेलं नाही.

"वारा आहे," मी म्हणाले. वारा नव्हता. बर्फ सरळ खाली पडत होता.

जनरेटर चालू केला.

सत्तर.

आणि या वेळी आणखी एक गोष्ट होती. काळ्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला कोण काम करतंय त्याचं नाव येतं. मघापासून तिथे माझं नाव येत होतं. जिपार.

आता तिथे होतं...

कुबात.

त्या कोऱ्या मशीनवर त्या नावाचं कुणी नव्हतंच. मी केलेलंच नव्हतं.

बाइके उठून उभे राहिले.

"ती फाइल पुसून टाक."

"आधी बघू तर द्या, आत काय..."

"पुसून टाक म्हटलं ना. उघडू नकोस."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस गेलं वर्षभर मला उलटंच शिकवत आला होता.

"का उघडू नको?"

"जुना कचरा असेल. कुठूनतरी आला असेल."

"कुठून येईल, बाइके? खोकं मी फाडलंय."

त्यांच्या कपाळावर घाम होता. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती, आणि त्यांना घाम.

खांबाचा आकडा पाहिला. छत्तीस. चढत होता. म्हणजे थोड्याच वेळात भोंगा वाजायला हवा होता आणि आकडा सत्तर असेल तर तो वाजणार नव्हता. खाली वळणावर ट्रक असणार. जानेवारीत नेहमी असतात.

मी फाइल उघडली.

त्यांनी माझा दंड धरला. जोरात. "जिपार."

"सोडा."

सोडला.

ती फाइल मी लिहिलेली नव्हती. एवढं मला पहिल्या ओळीलाच कळलं. कुबातची स्क्रिप्ट काही निवडत बसत नाही. त्या क्षणी आजूबाजूला जे जे असेल ते सगळं उचलून लिहिते. कुणाचं नाव, कुणाचं घर, कुठली भाषा. आपल्याला हवं ते आणि नको तेही.

आकडा, सत्तर.

नाव, कुबात.

आणि बरंच खाली, एक पत्ता...

माणूस चौकीतल्या कॉम्प्युटरसमोर बसून काम करत असेल, तर ही ओळ तयारच होत नाही. ती तयार होते ती कुणी बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून आत शिरलं तरच. आणि त्यात ते दुसरं मशीन कुठलं, ते लिहिलेलं असतं.

आमच्या कचेरीत प्रत्येक मशीनला ठरलेला पत्ता आहे. ते वाटून द्यायचं काम माझंच. हा पत्ता खिडकीजवळच्या टेबलाचा होता.

सागिन बाइकेंच्या.

मी किती वेळ त्या ओळीकडे बघत होते कुणास ठाऊक. मग एकच सुचलं, खाली ट्रक आहेत. वायरलेस उचलला.

फाटकावर तुर्दू म्हणून एक म्हातारा असतो.

"तुर्दू बाइके, रस्ता बंद करा."

"भोंगा कुठे वाजलाय? इथे ट्रकवाले माझं डोकं खातायत."

"भोंग्याची वाट बघू नका. मी सांगते म्हणून करा."

खरखर. मग, "कुबातची बायको ना तू?"

"हो."

मग म्हणाला, "करतो. वळणावर दोन आहेत, त्यांना मागे घेतो."

मी वायरलेस ठेवला. सागिन बाइके बाकावर बसले होते, हात मांड्यांवर ठेवून. लग्नघरी पाहुणा बसतो तसे.

"तुम्ही केलंत," मी म्हणाले.

"एका दिवसापुरतं केलं होतं."

त्यांनी नाकारलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला ओरडता आलं असतं.

"रस्त्याच्या ठेकेदाराचे फोनावर फोन येत होते. तुमचा भोंगा उठसूट वाजतो, आमची मशिनं उभी राहतात, तुमचं काम दुसऱ्याला देतो. कुबातला सांगितलं आकडा वाढव. नाही म्हणाला. तुला माहीतच आहे तो कसा होता. मग मीच केलं. सकाळी परत चाळीस करणार होतो."

"त्याच्या नावाने."

"चौकीचं काम त्याच्या नावानेच व्हायचं."

"आणि चौकशीत? तेव्हाही त्याच्याच नावाने?"

ते जमिनीकडे बघत होते. "मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही, जिपार. माझी गेली असती. सगळ्यांची गेली असती. तो तर गेलाच होता."

"तुम्ही त्याच्या मातीला उभे होतात. चांगला माणूस होता म्हणालात."

"होताच," ते म्हणाले.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. आम्ही कुणी हात लावला नव्हता. दिवा गेला, पडदा गेला.

पडवीत पुन्हा बूट वाजले नाहीत.

त्याऐवजी आतलं लाकडी स्टूल... स्टोव्हजवळचं, ज्यावर कुणीच बसलं नव्हतं... करकरलं. जड माणूस टेकल्यावर करकरतं तसं.

सागिन बाइकेंनी मान वर केली. ते स्टुलाकडे बघत होते. मला तिथे काही दिसलं नाही. शपथेवर सांगते, काहीसुद्धा नाही. पण त्यांना दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मग फुटला.

"मी केलं," ते म्हणाले. मला नाही. स्टुलाला. "मीच केलं रे. मी."

आणि भोंगा वाजला.

वीज नाही. जनरेटर थंड. बॅटरीची तारसुद्धा मी अजून जोडली नव्हती. तरी डोक्यावरच्या पत्र्यावर भोंगा वाजत होता, भिंती हादरत होत्या.

तो वाजत असतानाच कडा आला. आधी पायाखालची जमीन गुरगुरली, मग खिडकी पांढरी झाली. चौकी उंचावर आहे, आम्हाला धक्का लागला नाही. खालचं वळण मात्र नाहीसं झालं. तुर्दूने रस्ता वेळेवर रिकामा केला होता. कुणाला खरचटलंही नाही.

आम्हाला खाली आणलं तेव्हा वाटेत बाइके म्हणाले, "सांगतो मी सगळं. तू बोलू नकोस, मी सांगतो." डोळ्यांत पाणी होतं. मी विश्वास ठेवला.

हो, पुन्हा ठेवला.

संचालकांच्या खोलीत ते माझ्या शेजारी बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी अजून दुःखातून सावरलेली नाही. नवरा गेला त्याच जागी तिला न्यायलाच नको होतं. चूक माझी आहे."

चूक माझी आहे. हेच शब्द. मी वाट बघत होते तेच, नको त्या गोष्टीसाठी.

मी ओरडले. फाइल उघडा म्हटलं. कॉम्प्युटर खाली आणला होता, त्यांनी माझ्यादेखत उघडला.

आकडा, चाळीस.

नाव, जिपार.

पत्ता... ती ओळच नाही.

भोंगा वाजला तेव्हा जनरेटर चालूच होता, असंही त्यात नोंदलेलं होतं.

"भोंगा वाजला, रस्ता बंद झाला, कुणी मेलं नाही," संचालक हळुवारपणे म्हणाले. आजाऱ्याशी बोलतात तसे. "मग तक्रार कसली आहे, जिपार?"

तुर्दूला विचारलं, तर तो म्हणाला पोरीने आधी सांगितलं, भोंगा मागून वाजला. म्हाताऱ्याला नीट आठवत नसेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

मी नोकरी सोडली. पुन्हा शाळेत शिकवते. ओस्मोनची आई बाजारात दिसली की अजूनही रस्ता बदलते. तिला काय सांगू? माझ्याकडे दाखवायला काही नाही.

सागिन बाइकेंनीही वसंतात काम सोडलं. कचेरीतल्या ओळखीच्या मुलीने सांगितलं, ते कुठल्याही मशीनवर स्वतःच्या नावाने आत गेले तरी थोड्या वेळाने पडद्यावरचं नाव बदलायचं. कुठलं व्हायचं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आता ते तोक्मोकला लेकीकडे असतात. घरात कॉम्प्युटर नाही, साधा फोन आहे.

त्यावरून मागच्या महिन्यात त्यांनी मला फोन केला. आवाज खूप म्हातारा झालाय.

"तो येतो," म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "मी जेवायला बसलो की समोर येऊन बसतो. भाकरी मोडतो, खात नाही. मी रोज सांगतो त्याला, मी केलं. तरी जात नाही. तू सांग ना त्याला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्याकडेही येतो ना ग?"

"रोज येतो," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

खोटं बोलले. माझ्याकडे कुबात एकदाही आलेला नाही. त्या दिवशी चौकीत माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता, तरी दिसला त्यांनाच. जे दाखवलं तेही मागाहून पुसून टाकलं. माझ्यावर रागावलाय का, त्याचं त्यालाच माहीत.

विचारायचं म्हटलं तर एकाच माणसाकरवी विचारता येईल.

त्याचा फोन मी आता उचलत नाही.